आईला वर यायचे आहे का?



शहापूर-मुरबाड भागातली आपली घरे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उंच झाली. पूर्वीचे कौलारू, ओटी-पडवीचे घर जमिनीला धरून असे. माळ्यावर धान्य आणि अडगळ, माणसे मात्र खाली. पुढे भाऊ वेगळे झाले, जागा वाटली गेली. कोणाला समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचे पैसे मिळाले, कोणी आसनगावहून रोज लोकल पकडून मुंबईत नोकरी केली, आणि जुन्या चौथऱ्यावर स्लॅबचे दुमजली घर उभे राहिले. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, त्यावर गच्ची. घर बांधले तेव्हा आई-वडील धडधाकट होते. आज त्यांना सोळा-सतरा पायऱ्यांचा जिना म्हणजे डोंगर वाटतो.

आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जाताना आम्हाला हल्ली एक प्रश्न ऐकू येतो: "फादर, जिन्याला ती खुर्ची बसवून घ्यावी का?" प्रश्न यंत्राचा आणि पैशांचा वाटतो. आमच्या मते तो त्याआधी नीतीचा आहे, म्हणून आज त्यावर थोडा विचार करू.

ती खुर्ची म्हणजे स्टेअरलिफ्ट. जिन्याच्या एका कडेने रूळ बसवतात. तो सहसा भिंतीला न लावता पायऱ्यांनाच पक्का करतात, म्हणून भिंत फोडावी लागत नाही. रुळाच्या दात्यांत मोटरचे दातेरी चाक अडकते आणि खुर्ची हळूहळू वर सरकते. हाताशी असलेले बटण दाबून धरले तरच ती चालते, सोडले की थांबते. कमरेला पट्टा असतो. पायाखालच्या फळीला काही अडले तर ती आपोआप थांबते. वर पोचल्यावर खुर्ची फिरवता येते, त्यामुळे जिन्याकडे पाठ करून सुरक्षित उतरता येते. आजच्या बहुतेक खुर्च्या बॅटरीवर चालतात आणि थांब्यावर उभ्या असताना चार्ज होतात, म्हणून वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. आपल्या पावसाळ्यात याची किंमत कळते.

या यंत्राची सुरुवात मैत्रीतून झाली, असे सांगतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९२३ च्या सुमारास सी. सी. क्रिस्पेन नावाचे गृहस्थ आजारी मित्राला भेटायला गेले. मित्र वरच्या मजल्यावर अडकून पडला होता. खाली चारचौघांत येऊन बसणे त्याला शक्य नव्हते. क्रिस्पेन यांनी जिन्यावरून चालणारी खुर्ची बनवण्याचे मनावर घेतले. मित्राला पुन्हा माणसांत आणणे हा त्यांचा हेतू होता.

हे वाचताना मार्कच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघे जण उचलून आणतात. दारात गर्दी असते, म्हणून छप्पर उघडून त्याला प्रभू येशूपुढे खाली सोडतात. त्या चौघांचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. पण प्रसंगाचा शेवट पाहा. तो माणूस आपली बाज स्वतः उचलून घरी जातो. चौघांनी त्याला वाहून आणले, ते त्याला पुढे वाहून न्यावे लागू नये म्हणून. खऱ्या मदतीची खूण हीच: ती घेणाऱ्याला त्याच्या पायांवर, त्याच्या मर्जीवर परत सोडते.

काही जण म्हणतात, "आम्ही मुले आहोत ना? आईला हातांवर उचलून वर नेऊ. यंत्र कशाला?" ही भावना चांगली आहे आणि आम्ही तिला हसत नाही. पण दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. पहिली, प्रत्यक्षात उचलते कोण? मुलगा पहाटेच्या गाडीने कामाला जातो. दिवसभर आधार देते ती सून, किंवा स्वतः साठी ओलांडलेली पत्नी. तिच्या कमरेचा हिशेब कोणी मांडत नाही. दुसरी, उचलले जाणे म्हणजे दर वेळी हाक मारणे, वाट पाहणे, कोणाच्या तरी सवडीवर जगणे. "आत्ता नको, संध्याकाळी नेतो," हे शब्द प्रेमाने बोलले तरी ऐकणाऱ्याचे जग लहान होत जाते.

जग कसे लहान होते ते पाहा. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणे हे आईचे राज्य. नातवंडांची खोली वर. बऱ्याच घरांत संध्याकाळची रोझरीही वरच्या खोलीत होते. "आई, तू आता खालीच राहा," हे एक मऊ वाक्य. त्यात राग नाही, अपमान नाही. पण त्या वाक्याने तिचे अर्धे घर गेलेले असते. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाच्या कायद्याने मुलांवर अन्न, वस्त्र, निवास आणि औषधोपचार यांची जबाबदारी टाकली. हे न्याय्यच आहे. मात्र घराच्या कोणत्या खोलीत आईला आपलेपणाने जाता यावे, हे कायदा सांगू शकत नाही. ते घरातल्या माणसांच्या मनावर आहे.

मग निर्णय कसा घ्यावा? संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी विचारविनिमय, मग निर्णय, शेवटी कृती. आपल्या घरांत हा क्रम अनेकदा उलटा होतो. मुलगा कंपनीला फोन करतो, माणूस येऊन जिना मोजून जातो, आगाऊ रक्कम दिली जाते, आणि आईला शेवटी कळते. तिची इच्छा विचारायचे राहूनच जाते.

म्हणून जिना मोजण्याआधी तिला विचारा. आणि विचारल्यावर येणारे पहिले उत्तर अंतिम धरू नका. आपल्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: "नको रे, माझ्यासाठी कशाला खर्च? आता किती दिवसांची मी?" या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. "मला वर जायचे नाही" ही एक आणि "मला तुमच्यावर ओझे व्हायचे नाही" ही दुसरी. पहिली तिची इच्छा आहे, तिचा मान राखावा. दुसरी तिची भीती आहे, ती दूर करावी. या दोहोंत फरक न करणे आपल्याला सोयीचे असते, कारण त्याने पैसे वाचतात आणि वर आज्ञाधारकपणाचे समाधानही मिळते.

नीट विचारले तर कधी कधी वेगळेच उत्तर निघते. आजोबांना वर जायचेच नसते. त्यांना दारापाशी बसून येणारे-जाणारे पाहायचे असते. त्यांची अडचण जिन्याची नसून रात्री संडासला जाण्याची असते. अशा घरात खालची एक खोली, जवळ कमोड, भिंतीला धरायला दांडा, रात्री एक दिवा, एवढ्याने काम होते. कुठे जिन्याच्या दोन्ही बाजूंना भक्कम कठडा पुरतो. महाग वस्तू घेतली म्हणजे प्रेम जास्त, असे समजू नये.

स्टेअरलिफ्ट घ्यायचीच ठरली तर काही गोष्टी नीट पाहाव्यात. ज्याच्यासाठी घ्यायची त्याला खुर्चीत सरळ बसता येते का, बसता-उठता किती आधार लागतो, हे डॉक्टरांना विचारा. चाकाच्या खुर्चीवर असलेल्यांना वर दुसरी चाकाची खुर्ची लागते, आणि तिच्यात बसवणारे कोणी लागते. विसराळूपणाचा आजार असेल तर एकट्याने वापरणे धोक्याचे. सरळ जिन्याचा रूळ तुलनेने स्वस्त पडतो. वळणाच्या जिन्याचा रूळ त्या जिन्याच्या मापाने घडवावा लागतो, खर्च बराच वाढतो आणि तो सहसा दुसऱ्या घरी उपयोगी पडत नाही. जिना अरुंद असेल तर खुर्ची मिटल्यावर बाकीच्यांना चालायला जागा उरते का ते पाहा. आपल्याकडे बऱ्याच घरांचा जिना बाहेरून असतो. पावसाचे पाणी सोसणारी, बाहेरच्या वापरासाठी बनवलेली खुर्चीच तिथे चालते. आणि मुख्य म्हणजे, बिघाड झाल्यावर दुरुस्तीला माणूस कुठून आणि किती दिवसांत येईल हे लेखी घ्या. चार दिवस बंद पडलेली खुर्ची म्हणजे चार दिवस वर अडकलेली आई. हे बारकावे पाहणे ही निव्वळ व्यवहाराची बाब नाही. जिथे प्रेम असते तिथे असे लक्ष असते.

आता एक कठीण प्रश्न. याच दोन तालुक्यांत असे पाडे आहेत, जिथून गरोदर बाईला किंवा आजाऱ्याला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही वर्तमानपत्रांत आल्या. तिथे रस्ता नाही आणि आपण सोळा पायऱ्यांसाठी लाखाच्या घरात खर्च करायचा, हे योग्य आहे का? आम्हाला वाटते, आईची गरज ही चैन नव्हे आणि तिच्यावर खर्च करताना अपराधी वाटण्याचे कारण नाही. पण आपल्या घरातली पायरी ज्याला एकदा दिसली, त्याला बाहेरची चढण न दिसणे शोभत नाही. ग्रामसभेत पाड्याच्या रस्त्याचा विषय निघेल तेव्हा तोंड उघडणे, शेजारच्या आजाऱ्याला गाडी देणे, चर्चच्या पायऱ्यांपाशी थबकलेल्या म्हातारीला हात देणे, हे त्याच खर्चाचे उरलेले हप्ते आहेत.

शेवटी वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने १९९९ मध्ये लिहिलेल्या 'डिपेंडंट रॅशनल अ‍ॅनिमल्स' या पुस्तकात मांडले की माणूस जन्मतः परावलंबी असतो आणि पुढेही आजारपणात, म्हातारपणात परावलंबी होतो. म्हणून देण्याचा जसा सद्गुण आहे, तसा घेण्याचाही आहे. पोप फ्रान्सिस यांना गुडघ्याच्या दुखण्यामुळे मे २०२२ पासून लोकांसमोर चाकाच्या खुर्चीत यावे लागले. त्यांनी ते लपवले नाही आणि एप्रिल २०२५ मध्ये देवाघरी जाईपर्यंत आपले काम सोडले नाही. मुले काही देऊ पाहतात तेव्हा तेही एका आनंदाला हक्कदार असतात. तो त्यांना मिळू द्या.

आणि मुलांनो, खुर्ची बसली म्हणून आपण मोकळे झालो असे समजू नका. खुर्ची आईला वर आणून सोडेल. वर आल्यावर तिच्याशी बोलायला कोणी नसेल, प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये असेल, तर त्या प्रवासाचे काय केले आपण? यंत्राने हातांचे काम हलके केले, ते हात तिच्या शेजारी बसायला मोकळे व्हावेत म्हणून.

आज मिस्सानंतर घरी गेल्यावर एवढेच करा. जेवणे झाली की आईजवळ, बाबांजवळ बसा आणि विचारा: "तुला वर यायला आवडेल का?" पहिल्या "नको"वर उठू नका. थोडा वेळ बसून राहा.

प्रभू तुमच्या घरांना, आणि घरातल्या थकलेल्या पावलांना, आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू