स्क्रू आवळून दोष जात नाही

पासिंगच्या आदल्या दिवशी ट्रक गॅरेजला लागतो. 'स्टिअरिंगला प्ले फार आहे, तेवढा काढून द्या,' एवढंच मालकाचं सांगणं. मिस्त्री स्टिअरिंग बॉक्सवरचा लॉकनट सैल करतो, मधला स्क्रू अर्धा फेरा आवळतो, लॉकनट पुन्हा घट्ट करतो. प्ले, म्हणजे चाकं न वळता स्टिअरिंग फुकट फिरण्याची ढिलाई, गेला. दुसऱ्या दिवशी गाडी पास. याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. ही फसवणूक आहे आणि तिची किंमत रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला मोजावी लागते.

तो स्क्रू करतो काय? बॉक्समध्ये वर्म असतो, त्यावर पोलादी गोळ्यांवरून सरकणारा नट आणि त्या नटाच्या दातांत अडकलेला सेक्टर शाफ्ट. स्क्रू दातांमधली फट कमी करतो, झिजलेले दात भरून देत नाही. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, म्हणून मधले दात जास्त झिजतात. ते घट्ट बसेपर्यंत स्क्रू आवळला, की कडेचे न झिजलेले दात जाम होतात. मग घाटातल्या वळणावर स्टिअरिंग जड होतं, आणि वळण संपलं तरी आपसूक सरळ येत नाही.

शिवाय प्ले बॉक्समधलाच असतो कशावरून? एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवावं, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून. दुसऱ्याने खालच्या एकेका जोडावर हात ठेवून पाहावं: ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉडची टोकं, किंग पिन, चासीला बॉक्स धरून ठेवणारे बोल्ट. ढिलाई हाताला कळते. हे सगळं ठीक निघालं तरच बॉक्सकडे वळावं. ड्रॅग लिंक सोडवावी, बॉक्स बरोबर मध्यावर आणावा आणि मगच स्क्रूला हात लावावा. नंतर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिअरिंग कुठेही न अडता फिरलं पाहिजे. अडलं, तर बॉक्स खोलून झिजलेले भाग बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

कायदा याबाबत मुका नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 98 वा नियम 30 अंशांहून जास्त प्ले चालवून घेत नाही. हीसुद्धा शेवटची हद्द आहे. 30 अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत जेवढं अंतर, तेवढं स्टिअरिंग फुकट फिरतं. मोटार वाहन कायद्याचं 190 वं कलम तर धोकादायक दोष असलेली गाडी चालवणाऱ्याइतकंच ती चालवायला लावणाऱ्यालाही दोषी धरतं. तरीही अपघात झाला की बोट फक्त ड्रायव्हरकडे दाखवलं जातं. त्याने दहादा तक्रार केली होती का, हे कुणी विचारत नाही.

ही रीत मोडायची तर आधी मालकाने खेप बुडण्याचा हिशेब बाजूला ठेवावा. 'स्टिअरिंग ठीक नाही, गाडी काढणार नाही' म्हणणाऱ्या ड्रायव्हरचा पगार कापू नये. मिस्त्रीने कोणता जोड तपासला, काय बदललं, काय बदलायचं राहिलं, ते बिलावर लिहून द्यावं. आणि मालाची घाई करणाऱ्या व्यापाऱ्याने, कारखान्यानेही गाडी भरण्याआधी ते बिल मागावं. आठ वर्षांवरच्या गाडीची पासिंग वर्षातून एकदा होते. रस्त्यावर माणसं मात्र रोज असतात. त्यांच्या जिवाची जबाबदारी पासिंगच्या कागदावर ढकलता येणार नाही.