हिशेब मांडणारे आणि निर्णय घेणारे

छोट्याशा चौकटीत मण्यांच्या दोन ओळी आणि सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या पोटाकडे पाहत श्वास मोजायचे आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत हात पोचला, तर न्यूमोनिया समजून लगेच औषध सुरू करायचे. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने हे श्वासमापक अक्षर-अंकांची ओळख नसलेल्या दायांसाठी तयार केले. ‘इफेक्टिव्ह अल्ट्रूइझम’ म्हणजे परिणामकारक परोपकार या नावाने आज जगभर जो विचार ओळखला जातो, त्याचा गाभा मला या चौकटीत दिसतो. मनात कळवळा हवाच, पण त्या कळवळ्याला मोजताही आले पाहिजे.

हा विचार पाश्चात्त्य विद्यापीठांत वाढला, तरी त्याचे एक मूळ आपल्याकडच्या दुःखात आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतात आले, तेव्हा पीटर सिंगर या तरुण तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला. पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध झाला. दूरच्या माणसाचा जीव वाचवणे आपल्या आवाक्यात असेल, तर अंतराची सबब सांगता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. पूर्व बंगालमधून उखडल्या गेलेल्या कुटुंबांच्या वसाहती गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा-चामोर्शी भागात आजही आहेत. पुढे २००७ साली ‘गिव्हवेल’ने संस्थांचे काम पुराव्यावर तपासायला सुरुवात केली. २००९ साली ऑक्सफर्डमध्ये उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची प्रतिज्ञा करणारा गट उभा राहिला. मग ठिकठिकाणच्या विद्यापीठांत अभ्यासवर्ग निघाले. कोणत्या कामाने जास्तीत जास्त भले होईल हे आधी शोधा आणि मग पैसा, वेळ, आयुष्य त्यात घाला, ही त्यांची शिकवण.

वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हे शोधणे वेगळ्या नावाने आणि वेगळ्या वाटेने झाले. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’चे काम उभे केले. तान्ही बाळे दगावत होती, दवाखाना लांब होता आणि आया घरीच बाळंत होत होत्या. तेव्हा उपचारच घरी न्यायचे ठरले. गावातल्याच एका बाईला शिकवून ‘आरोग्यदूत’ करायचे, बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कोंडला तर काय करायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसे द्यायचे, हे तिच्या हाती सोपवायचे. ३९ गावांत हे केले आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो ५८ वरून साठाच्या घरात गेला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर होता आणि अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. २०११ साली केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेली. परिणामकारक परोपकाराच्या कोणत्याही वर्गात पहिल्या दिवशी शिकवावे असे हे उदाहरण आहे.

पण हा हिशेब सुरू होण्याआधी एक प्रश्न होता, आणि तो कोणाचा होता याला मी जास्त महत्त्व देतो. आदिवासींनी मोठ्या इस्पितळाला का टाळावे, हे विचारले तेव्हा त्यांनीच कारणे सांगितली. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखे होते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, आणि डॉक्टर-नर्सच्या अंगावरचे पांढरे कपडे प्रेताभोवती गुंडाळतात तसे दिसतात. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना त्यांच्या घरांसारखा, झोपड्या-झोपड्यांचा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. कधी उलटेही होते. दुःख असते, पण ते कोणी विचारतच नाही. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि तपासलेल्या सगळ्यांपैकी जेमतेम आठ टक्क्यांची अशी तपासणी आधी कधी झाली होती. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. लोक बोलतात ते ऐकणे आणि बोलू शकत नाहीत ते विचारणे, ही दोन्ही कामे गावात राहिल्याशिवाय होत नाहीत.

हे शिकवायचे कसे? या भागात त्याचीही परंपरा आहे. मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात शहरातली मुले तिथे कुदळ-फावडे धरायला शिकली, आणि आमटे कुटुंबाच्या आनंदवन-हेमलकशाच्या कामाशी अनेकांचे नाते तिथून जुळले. २००६ साली ‘सर्च’मध्ये ‘निर्माण’ सुरू झाले. गांधींच्या नई तालीमच्या विचारावर उभ्या असलेल्या या उपक्रमात शोधग्रामच्या शिबिरांत तरुण येतात आणि माझ्या आयुष्याचे मी काय करू, या प्रश्नाला भिडतात. शिबिरातून गावाकडे वळलेले तरुण डॉक्टर-इंजिनिअर ही या परंपरेची कमाई आहे.

अशी शिबिरे आणखी चांगली करायची असतील, तर त्यांनी स्वतःलाही मोजले पाहिजे. शिबिराच्या शेवटच्या दिवशी डोळे भरून येतात, संकल्प होतात, आणि पुढे नोकरी, लग्न, घरच्यांचा आग्रह यांत ते विरून जातात. म्हणून पाच आणि दहा वर्षांनी कोण कुठे आहे, काय करतो आहे, याची नोंद हवी. ३९ गावांशेजारी ४७ गावे होती म्हणूनच तो निष्कर्ष पक्का ठरला. शिबिरांनीही पात्र अर्जदारांतून काहींची निवड चिठ्ठीने करावी आणि निवड न झालेल्यांची वाटचालही पाहावी. दुसरी गोष्ट सोबतीची. शिबिरानंतरची पहिली दोन वर्षे खरी कसोटीची असतात. त्या काळात मानधन आणि अनुभवी कार्यकर्त्याचा सहवास दोन्ही मिळाले, तर संकल्प तग धरतो. तिसरी गोष्ट प्रवेशाची. धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या माडिया-गोंड मुला-मुलींना मदत घेणाऱ्यांच्या रांगेत उभे करून भागणार नाही. ती शिबिरात शिकायला आणि शिकवायलाही बसली पाहिजेत. तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरी बुडवून कोणी शिबिराला येणार नाही, हे वेळापत्रक ठरवतानाच ध्यानात घ्यावे लागेल.

या सगळ्यांहून मोलाची वाटते ती मेंढा-लेखाची रीत. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यामागे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांची वर्षानुवर्षांची मेहनत होती, आणि तिच्या मुळाशी एक साधी व्यवस्था होती. गावात अभ्यास गट असे. त्यात ज्याला विषय समजून घ्यायचा तो येई, बाहेरचे जाणकारही येत. जंगलाचा कायदा, मध, बांबू, काहीही तिथे तपासले जाई. पण अभ्यास गटाला निर्णयाचा अधिकार नव्हता. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. ज्याला जास्त कळते त्याने समजावून सांगावे आणि बाजूला व्हावे, हा तिथला नियम.

परिणामकारक परोपकाराच्या जागतिक चळवळीत नेमकी हीच फट राहिली आहे असे मला वाटते. तिथे हिशेब मांडणारेच बहुधा पैसा कुठे जाईल हे ठरवतात, आणि ज्याच्या नावाने हिशेब मांडला तो माणूस त्या खोलीत नसतो. त्यांच्या हेतूंवर मला शंका नाही. पण हुशार, प्रामाणिक आणि एकमेकांशी सहमत असलेल्या मंडळींची चूक त्यांना स्वतःला दिसत नाही. तिला अडवणारा कोणीतरी बाहेरचा लागतो.

यावर आक्षेप येईल की ग्रामसभा हळू चालते, तिथे बाया गप्प बसतात, आणि गावाला जे हवे ते नेहमी सर्वांत हिताचे असतेच असे नाही. हे खरे आहे. स्त्रीरोगांचा अभ्यास झाला नसता, तर ते दुखणे कोणत्याच सभेपुढे आले नसते. म्हणूनच अभ्यास गट हवा, आणि त्याने न बोलणाऱ्यांपर्यंत जायला हवे. पण बायांना बोलायला जागा मिळाली की काय होते, हेही गडचिरोलीने पाहिले आहे. गावोगावच्या स्त्रियांनी दारूचा प्रश्न लावून धरला आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. सहमतीला लागणारा वेळ मी वाया गेलेला मानत नाही. त्या वेळात गावाला विषय समजतो आणि तज्ज्ञाला गाव समजते. पुढे तज्ज्ञ निघून गेला तरी काम चालू राहते, ते याच समजेवर.

पुण्या-नागपुरात असे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या तरुणांकडे माझी मागणी एवढीच आहे. संख्याशास्त्र शिका, खर्च आणि परिणाम ताडून पाहा, त्यात कुचराई नको. मग ज्यांच्या भल्याचा हिशेब मांडलात, त्यांना तुमचा प्रस्ताव फेटाळण्याचा अधिकार तुमच्या नियमांतच लिहून द्या. परोपकाराचे शिक्षण पुरे झाले असे मी तेव्हा मानेन, जेव्हा शिकलेला तरुण आपला उत्तमातला उत्तम हिशेब ग्रामसभेपुढे ठेवेल, तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकेल, आणि नकार मिळाला तर त्याच गावात पुन्हा अभ्यासाला बसेल.