लोखंड दांड्यातून निसटते तेव्हा



मराठीतील ‘चुकणे’ हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. वाट चुकते, हिशेब चुकतो, नेम चुकतो. आणि अपघातही चुकतो, म्हणजे टळतो. एकाच शब्दात दोष आहे आणि सुटकाही आहे. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना या शब्दापाशी मी पुष्कळदा थांबलो आहे. नकळत घडलेल्या पापासाठी इब्री भाषेत ‘शगागा’ असा शब्द येतो. त्याच्याच कुळातले क्रियापद डोंगरोडोंगरी भटकणाऱ्या मेंढरांसाठीही योजलेले आहे (यहेज्केल ३४:६). आपण ‘शगागा’चे भाषांतर ‘चुकून’ असे करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु व्यवहारात ‘चुकून झाले’ असे म्हटले की आपल्या दृष्टीने विषय संपतो. मोशेच्या नियमशास्त्रात तो तेथून सुरू होतो. चुकून घडलेल्या पापासाठीही अर्पण आणावे लागे (लेवीय ४).

हा फरक आज आठवण्याचे कारण म्हणजे मोटारगाडी. गेल्या काही वर्षांत अशा गाड्या रस्त्यावर आल्या आहेत की, ज्यांच्या पुढील काचेमागे कॅमेरा व दर्शनी भागात रडार बसवलेले असते. समोर काही आडवे आले आणि चालकाचे लक्ष नसले, तर गाडी प्रथम इशारा देते. तरीही त्याचा पाय ब्रेकवर गेला नाही, तर ती स्वतःच ब्रेक लावते. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींसाठी ही सोय सक्तीची केली. आपल्या देशातही अनेक नव्या गाड्यांत ती मिळते.

हे चांगलेच झाले. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. ज्या साधनामुळे अशी काही घरे तरी उजाड होण्यापासून वाचतील, त्याला नावे ठेवण्यात भक्ती नाही. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञाच आहे (अनुवाद २२:८). ‘राखणारा देव आहे, मग कठडा कशाला?’ असे म्हणण्यास तेथे जागा ठेवलेली नाही. आपोआप लागणारा ब्रेक हा आजच्या काळातला कठडा होय.

पण प्रत्येक कठड्याला एक ठरावीक उंची असते. कॅमेऱ्याला उजेड लागतो. अमेरिकेतील मोटारचालकांच्या एका मोठ्या संघटनेने २०१९ साली घेतलेल्या चाचण्यांत पादचाऱ्यांना ओळखणाऱ्या यंत्रणा रात्रीच्या वेळी निष्प्रभ ठरल्या. पाऊस, धुके व काचेवरचा चिखल यांनीही यंत्राची दृष्टी मंदावते. शिवाय ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. धोका उशिरा ओळखला गेला, तर कोणतेही यंत्र तेवढे अंतर परत आणू शकत नाही. आणखी एक अडचण आहे. रस्त्याकडेची प्रत्येक पाटी व प्रत्येक पूल पाहून गाडी कचकन थांबू लागली, तर मागून येणारे वाहन तिच्यावर आदळेल. म्हणून किती खात्री पटल्यावर ब्रेक लावायचा, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवावे लागते. तो निर्णय रस्त्यावर होत नाही, मेजावर होतो. तो केवळ तांत्रिक नाही, नैतिकही आहे.

या संदर्भात एक घटना विचारात घेऊ या. १८ मार्च २०१८ रोजी रात्री अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात, टेंपी या शहरी, एक स्त्री हाताने सायकल ढकलीत रस्ता ओलांडत होती. तेथे पादचाऱ्यांसाठी आखलेले पट्टे नव्हते. ऊबर कंपनीची, स्वतः चालणारी एक मोटार चाचणीसाठी त्या रस्त्याने येत होती. चालकाच्या आसनावर देखरेखीसाठी एक व्यक्ती बसलेली होती. गाडीच्या यंत्रणेला ती स्त्री धडकेच्या सुमारे ५.६ सेकंद आधी जाणवली होती. पण ती काय आहे हे यंत्रणेला ठरवता येईना. वाहन, इतर वस्तू, सायकल असे तिचे वर्गीकरण बदलत राहिले. पट्ट्यांबाहेर माणूस रस्ता ओलांडील, ही शक्यताच त्या रचनेत धरलेली नव्हती. मूळ निर्मात्याने गाडीत बसवलेला स्वयंचलित ब्रेक चाचणीच्या वेळी बंद ठेवला जाई. आणि आसनावरील व्यक्तीची नजर फोनवर होती. त्या स्त्रीचा मृत्यू झाला.

दोष कोणाचा? देखरेख करणाऱ्या व्यक्तीने २०२३ साली न्यायालयात अपराध कबूल केला व तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. कंपनीवर फौजदारी खटला भरण्यास आधार नाही, असे सरकारी वकिलांनी २०१९ सालीच सांगितले होते. तथापि अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने सखोल तपास करून, चालकाच्या दुर्लक्षाबरोबरच कंपनीची धोका जोखण्याची अपुरी पद्धत, कर्मचाऱ्यांवरील ढिली देखरेख आणि राज्य सरकारचे अपुरे नियंत्रण यांचीही नोंद केली. यंत्र बहुतेक वेळा नीट चालू लागले की माणूस गाफील होतो, हे आधीपासून माहीत होते. तरीही पूर्वी अशा गाडीत दोन माणसे बसत, त्यांच्या जागी कंपनीने एकच ठेवले होते.

अपघात झाला की ‘चालकाची चूक’ एवढे दोन शब्द लिहून आपण मोकळे होतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत सुमारे ९४ टक्के अपघातांमागील निर्णायक कारण चालकाकडे दाखवले होते. हा आकडा जगभर फिरला. पण कारणांच्या साखळीतला हा केवळ शेवटचा दुवा आहे, त्यावरून दोष ठरवू नये, असे त्याच पाहणीत म्हटले होते; ते वाक्य मात्र फिरले नाही.

नियमशास्त्र अधिक सूक्ष्मपणे विचारते. बैलाने माणसास हुंदडून मारले, तर बैल मारला जाई आणि धनी निर्दोष ठरे. पण बैल मारका आहे असे धन्याला आधी सांगितलेले असून त्याने तो बांधून ठेवला नाही, तर धनीही दोषी (निर्गम २१:२८-२९). म्हणजे ‘शेवटी कोण चुकले?’ एवढाच प्रश्न नाही; ‘आधी कोणाला ठाऊक होते?’ हाही आहे. तो यंत्र बनवणाऱ्याला लागू आहे, खड्ड्यांचा रस्ता तसाच ठेवणाऱ्याला लागू आहे, झोप अपुरी झालेल्या चालकाला रात्रपाळीवर धाडणाऱ्या मालकाला लागू आहे. आणि वाचकहो, तो तुम्हाआम्हालाही लागू आहे. आपले लक्ष फोनकडे जाते हे आपल्याला ठाऊक असते. म्हणजे आपला बैल मारका आहे हे आपल्याला आधीच सांगितलेले आहे. गाडी स्वतः थांबेल या भरवशावर नजर काढून घेणारा मनुष्य ‘चुकून झाले’ असे म्हणू शकत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा रस्त्यावर लक्ष देण्याच्या रूपाने पाळावी लागते, आणि ते लक्ष दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करता येत नाही.

इतके करूनही चूक घडेल. लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे लोखंड दांड्यातून निसटून सोबत्याला लागते आणि तो मरतो (अनुवाद १९:५). हे उदाहरण शास्त्राने शरणपुरांच्या नियमात दिले आहे. नाशिकच्या ख्रिस्ती वसाहतीमुळे ‘शरणपूर’ हा शब्द आपल्या कानांवरचा आहे. तेथे पळून गेलेल्या माणसाला कोणी खुनी म्हणत नसे. पण काही झालेच नाही असेही कोणी म्हणत नसे. त्याचा प्राण वाचे, मात्र मुख्य याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याला घरापासून दूर राहावे लागे (गणना ३५:२५). गेलेल्या जिवाचे मोल त्या दूर राहण्यात दिसे.

आपल्या मंडळ्यांत असे एखादे माणूस असेल की, ज्याच्या गाडीखाली कोणीतरी सापडले आणि ज्याला त्या रात्रीपासून नीट झोप नाही. ‘नशिबात होते, विसरून जा’ असे सांगून आपण त्याचे सांत्वन करू पाहतो. आणि पाठीमागे मात्र कुजबुजतो. या दोन्हींपेक्षा शरणपुराची वाट खरी आहे. त्याला आपला दोष आहे तेवढा बोलू द्यावा, मृताच्या घरच्यांपुढे जाण्याचे धैर्य त्याला यावे म्हणून त्याच्याबरोबर चालावे, आणि आपला मुख्य याजक आपल्यासाठी मरण पावला आहे, तेव्हा घरी परतण्याची वाट मोकळी आहे, हे त्याला सांगावे. ब्रेक धडक टाळू शकेल. पण धडक झाल्यानंतर त्या माणसाजवळ बसण्याचे काम मंडळीचेच आहे.