ताप उतरल्यानंतरचा आजारी

साथ ओसरली म्हणजे लोक दोनच प्रकारची माणसे मोजतात : मेलेली व बरी झालेली. परंतु या दोहोंमध्ये एक तिसरा वर्ग उरतो, त्याची गणती कोणी करीत नाही. ज्याचा ताप उतरला पण शक्ती परत आली नाही, अशा मनुष्यास आळशी म्हणावे की आजारी, याचा वाचकांनी शांतपणे विचार करावा.

चिकुनगुनियाची साथ १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे आली होती. पुढे पुष्कळ वर्षे ती दिसेनाशी झाली, आणि २००६ साली महाराष्ट्रात पुन्हा उसळली. खानदेशाच्या वेशीवरील मालेगावही तिच्यातून सुटले नाही. हे नाव आफ्रिकेतील माकोंदे भाषेतले असून, मनुष्यास वाकवून टाकणारे दुखणे असा त्याचा भाव आहे. ताप थोड्याच दिवसांत जातो. पण कित्येकांची मनगटे, बोटे व घोटे महिनोन्‌महिने, कोणाकोणाची तर वर्षानुवर्षे दुखत राहतात. पुढे २०२० साली कोविडची साथ जळगाव व धुळे जिल्ह्यांतही पसरली. तिच्यामागूनही कित्येकांस थकवा, धाप व विसराळूपणा जडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या दुखण्याची व्याख्या ठरविली. म्हणजे हे मनाचे खेळ नव्हेत.

याचे एक लक्षण विशेष फसवे आहे. श्रम केल्याचा परिणाम पुष्कळदा त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या दिवशी दिसतो. सोमवारी कापूस वेचणारी बाई मंगळवारी खाटेवरून उठत नाही. शेजारीण म्हणते, "काल तर चांगली होती, आज सोंग करते." ज्यास ती सोंगाचा पुरावा समजते, तेच रोगाचे लक्षण होय.

कोणी म्हणेल, अशाने कामचुकारांचे फावेल. कदाचित फावेलही. परंतु लबाडावर विश्वास ठेविला तर एका दिवसाची मजुरी बुडते; खऱ्या आजाऱ्यास खोटे ठरविले तर तो आपले दुखणे सांगणेच सोडून देतो. ही हानी भरून येत नाही.

ज्या घरात हातावर पोट आहे, तेथे विश्रांती सोपी नाही, हे खरे. म्हणूनच हा भार एकट्या घराने वाहू नये. शेजाऱ्याने दोन घागरी पाणी भरून द्यावे; आजाऱ्यास बसून करण्याजोगे काम, तेही थकण्यापूर्वी थांबण्याच्या मुभेने द्यावे; आणि क्षय किंवा पांडुरोग मागे दडलेला नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मनुष्याची किंमत त्याने वेचलेल्या कापसाच्या वजनाने ठरत नाही, हे आपण सर्वच बोलतो. ते आपण खरोखर मानतो की नाही, हे अशाच आजाऱ्याशी आपण कसे वागतो त्यावरून कळते.