मदयनच्या पाणवठ्यावर



अंधेरी पूर्वेला १९७३ साली सीप्झची वसाहत उभी राहिली. आज मरोळ-साकीनाक्याच्या वस्त्यांतून सकाळी कामावर निघणाऱ्या गर्दीत आपल्याही लेकी-सुना असतात. मागे जुम्याच्या नमाजनंतर एका गृहस्थांनी मला विचारले, "मौलाना, मुलीने नोकरी सोडावी का?" कार्यालयातील एक वरिष्ठ तिला त्रास देत होता. मी पटकन म्हणालो, "सोडू द्या." घरी आल्यावर सूरह अल-कसस आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

हजरत मूसा (अ.) मदयनला पोहोचले तेव्हा पाण्यावर मेंढपाळांची गर्दी होती आणि दोन मुली आपली जनावरे आवरून दूर ताटकळत होत्या. वडील वृद्ध, बाहेर पडणे त्यांना भागच होते. मूसा (अ.) यांनी त्यांना घरी बसण्याचा उपदेश केला नाही. आधी अडचण विचारली, जनावरांना पाणी पाजले आणि मुकाट्याने सावलीत जाऊन बसले. पुढे त्या वडिलांनी मोबदला देण्यासाठी त्यांना बोलावले, आणि त्यांना कामावर ठेवण्याची शिफारस मुलीनेच केली. सामर्थ्य आणि विश्वासूपणा, ही नेमणुकीची कसोटी कुरआनने एका मुलीच्या तोंडून आपल्याला दिली आहे.

दुष्कृत्य वरिष्ठाचे, आणि शिक्षा मी मुलीला सुनावली होती! दुसऱ्याच दिवशी त्या गृहस्थांना गाठले. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची प्रमुख स्त्रीच असते. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार मात्र तीन महिन्यांच्या आत करावी लागते, म्हणून उशीर करू नका, असे त्यांना सांगितले.

आणि आपल्या गाळेवाल्या बांधवांनो, आपण कुठे आहोत? एका शिलाईच्या गाळ्यात बरकतीच्या दुआसाठी गेलो होतो. सहा भगिनी कामाला, स्वच्छतागृह नाही; म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीद प्रेषितांनी (स.) दिली, तसेच कुवतीबाहेरचे ओझे लादू नये असेही बजावले. तहान दाबून आठ तास बसणे हे ओझे नव्हे काय? मालकाला म्हणालो, पुढची दुआ स्वच्छतागृह बांधून झाल्यावर.

त्या मुलीने तक्रार दिली आहे. सुनावणी अजून व्हायची आहे. त्या दिवशी कार्यालयाच्या दारापर्यंत वडील तिच्यासोबत जाणार आहेत.