अ‍ॅना लिओनोवेन्स: नगरच्या छावणीतून सयामच्या राजवाड्यात

सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजवाड्यात राजाच्या मुलांना इंग्रजी शिकवणारी तरुण विधवा, ही अ‍ॅना लिओनोवेन्सची जगभरची ओळख. ब्रॉडवेवर १९५१ साली आलेले ‘द किंग अँड आय’ हे संगीत नाटक आणि त्यावरून १९५६ साली निघालेला चित्रपट यांनी ती घरोघर पोचवली. घेरदार झगा, ताठ मान, वेल्समधले कुलीन घराणे, वाघाच्या शिकारीवरून परतताना वारलेला मेजर नवरा असा सगळा थाट त्या ओळखीत होता. त्यातले वेल्सही खोटे आणि मेजरही खोटा. तिचा जन्म २६ नोव्हेंबर १८३१ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला.

वडील थॉमस एडवर्ड्स कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात सार्जंट होते आणि मूळ पेशाने सुतार. अ‍ॅनाच्या जन्माच्या तीनेक महिने आधीच ते वारले. आई मेरी अ‍ॅन ही ग्लॅस्कॉट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची मुलगी. या आईच्या आईचे नाव कागदोपत्री कुठेही नाही. ती हिंदुस्थानी किंवा अर्धी हिंदुस्थानी असावी, असा चरित्रकारांचा तर्क आहे आणि तो पटण्यासारखा आहे. त्या काळी कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची देशी बायकांपासून झालेली मुले बापाच्या नावाने नोंदली जात, आईचे नाव मात्र गळे. मेरी अ‍ॅनने लवकरच पॅट्रिक डोनोह्यू या आयरिश शिपायाशी लग्न केले. छावणीतल्या विधवेला पोरांसह जगायचे तर दुसरी वाट फारशी नसे.

अ‍ॅना आणि तिची थोरली बहीण एलिझा अशा घरात वाढल्या. सावत्र वडिलांच्या बदल्यांबरोबर बिऱ्हाड फिरत राहिले आणि शेवटी पुण्याला आले. पलटणीच्या बराकीत जागा तोकडी, पण भाषांची गर्दी मोठी. पगारपत्रकाची इंग्रजी, सावत्र बापाच्या तोंडची आयरिश हेलाची इंग्रजी, बाजाराची मराठी, शिपायांची हिंदुस्थानी हे सारे कानावरून जाई. एका शब्दाला दुसऱ्या भाषेतला शब्द लावून काम भागवणे ही तिथे रोजची गरज होती. भायखळ्याच्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत ती शिकली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. लष्करातल्या मेलेल्या किंवा दूर गेलेल्या बापांच्या मुलांना ती शाळा घेत असे. पुढे जिला सर्वांनी इंग्लंडची मुरलेली शिक्षिका मानले, तिची सारी शिदोरी अशी मुंबई इलाख्यात बांधली गेली होती.

१८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात तिचे लग्न झाले. नवरा थॉमस लिऑन ओवेन्स कारकून होता. वर्षभरात झालेली पहिली मुलगी दीड वर्षाचीही होण्याआधी गेली. नशीब काढायला हे जोडपे १८५३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थला पोचले. तिथे दुसरे मूल गेले. मागोमाग एव्हिस (१८५४) आणि लुई (१८५६) ही दोन मुले झाली आणि ती जगली. पर्थमध्ये अ‍ॅनाने मुलींची शाळा चालवायचा प्रयत्न केला, पण वसाहत लहान, पैसा कमी. कुटुंब पिनांगला गेले. ओवेन्स तिथे एका हॉटेलात कामाला लागला आणि १८५९ च्या मे महिन्यात वारला. सत्ताविसाव्या वर्षी दोन लहान मुले पदरात, पेन्शन नाही, माहेरचा आधार नाही, अशी अ‍ॅना सिंगापूरला आली आणि अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी तिने छोटी शाळा उघडली.

नवे चरित्र तिने घडवले ते याच सुमारास. नवऱ्याची दोन नावे जोडून ‘लिओनोवेन्स’ हे भारदस्त आडनाव झाले, जन्मगाव नगरहून वेल्सला गेले, जन्मसाल तीन वर्षे पुढे सरकले, सार्जंट बाप कॅप्टन झाला आणि कारकून नवरा मेजर. हे नुसते मिरवणे नव्हते. भाषा शिकवणाऱ्याजवळ विकायला भाषा असते आणि त्या बाजारात ती किती अस्सल यापेक्षा ती कुणाच्या तोंडून येते यावर भाव ठरे. आजी हिंदुस्थानी असल्याचा नुसता वास आला असता, तरी अधिकाऱ्यांच्या बायकांनी मुले काढून घेतली असती. मुलांचा प्रश्न तर याहून मोठा होता. एव्हिसचे लग्न, लुईची नोकरी, दोघांचे गोऱ्या समाजातले स्थान हे सगळे आईच्या जन्मदाखल्यावर टांगलेले होते. आईने दाखलाच बदलला. त्याची किंमत तिने रोख मोजली. एलिझाशी तिने संबंध तोडला तो कायमचा. भयपटांमधून गाजलेला नट बोरिस कारलॉफ, मूळचा विल्यम प्रॅट, हा या एलिझाचा नातू. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाची भूमिका करणारा आणि सयामच्या राजपुत्रांची शिक्षिका एकाच कुटुंबातली, हे दोन्हीकडच्या चाहत्यांना फार उशिरा कळले.

१८६२ मध्ये सयामचा सिंगापुरातला प्रतिनिधी तान किम चिंग याच्यामार्फत तिला राजा मोंगकुटकडून बोलावणे आले. ‘द किंग अँड आय’मधला हेकट, बालिश राजा आणि हा माणूस यांचा संबंध नावापुरताच. सत्तावीस वर्षे भिक्षू म्हणून काढलेला मोंगकुट पालीचा जाणकार होता. लॅटिन तो फ्रेंच बिशपकडून शिकला होता, इंग्रजी अमेरिकन मिशनऱ्यांकडून, आणि खगोलशास्त्रात त्याला चांगली गती होती. १८५५ मध्ये इंग्रजांशी करार करून त्याने व्यापार खुला केला होता आणि पुढच्या पिढीला इंग्रजीवाचून तरणोपाय नाही हे ओळखले होते. राजवाड्यातल्या स्त्रियांना शिकवायला आधी मिशनऱ्यांच्या बायका येत, पण त्या धड्यांआडून धर्म शिकवू लागल्या. म्हणून अ‍ॅनाला लिहिलेल्या पत्रात त्याने अट घातली की भाषा, विज्ञान, वाङ्मय शिकवावे, धर्मांतराच्या भानगडीत पडू नये. शिक्षकाच्या नेमणूकपत्रात इतकी शहाणी अट क्वचितच सापडेल.

एव्हिसला इंग्लंडच्या शाळेत पाठवून आणि पाच वर्षांच्या लुईला बरोबर घेऊन अ‍ॅना बँकॉकला गेली. दुसऱ्यांची मुले शिकवून आपल्या मुलीची फी भरायची, या व्यवहारात मायलेकींची पाच वर्षे ताटातूट झाली.

शाळा राजवाड्यातल्या एका देवळाच्या मंडपात भरे. राजाला एकूण ब्याऐंशी मुले झाली. पहिल्या दिवशी तिच्यासमोर वीसएक मुले बसली आणि वेबस्टरच्या स्पेलिंगच्या पुस्तकापासून सुरुवात झाली, असे ती सांगते. मुलांच्या आयाही शिकायला येत. भूगोलाच्या तासाची तिने लिहिलेली हकीकत चटकदार आहे. आधी वापरात असलेल्या भल्यामोठ्या नकाशात मधोमध सयामचा लाल तुकडा होता आणि त्यावर रुपेरी कागदाचा राजा चिकटवलेला होता. बाहेरून पृथ्वीचा गोल आला तेव्हा त्यावर सयाम कुठे आहे हे शोधावे लागले आणि वर्ग हिरमुसला. दुसऱ्या एका तासाला तिने आकाशातून पडणाऱ्या हिमाचे वर्णन केले. मुलांचा विश्वास बसेना. शेवटी राजाने, प्रवासवर्णनांत असे वाचले आहे म्हणून, बाईंची बाजू घेतली. या प्रसंगातली खरी गंमत अ‍ॅनाने अर्थातच लिहिली नाही. नगर, मुंबई, पुणे, पर्थ, पिनांग, सिंगापूर एवढेच जग पाहिलेल्या त्या बाईंनी स्वतः तरी हिम कधी पाहिले असेल? वर्गाला जे सांगितले ते तिलाही पुस्तकातूनच माहीत असणार. तरीही ती मुलांना ते पटवू शकली, ही तिच्या शिक्षकपणाची चांगली साक्ष आहे.

शिकवण्याबरोबर राजाचा इंग्रजी पत्रव्यवहारही तिच्याकडे आला. कबूल केलेले स्वतंत्र घर आणि पगार यांवरून तिचे राजाशी खटके उडत. विद्यार्थिनींपैकी सोन क्लिन ही राजाची एक पत्नी ‘अंकल टॉम्स केबिन’च्या इतकी प्रेमात पडली, की आपल्या सहीत हॅरिएट बीचर स्टो हे लेखिकेचे नाव लावू लागली आणि तिने आपले गुलाम मुक्त केले, असे अ‍ॅना सांगते. वारसदार चुलालोंगकोर्न शाळा सुरू झाली तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता.

प्रकृतीमुळे अ‍ॅना १८६७ मध्ये रजेवर गेली आणि परतली नाही. पुढच्या वर्षी, आपणच वर्तवलेले खग्रास सूर्यग्रहण पाहायला गेलेला मोंगकुट मलेरियाने वारला. पंधरा वर्षांच्या नव्या राजाने तिला आपुलकीचे पत्र पाठवले, पण परत या असे म्हटले नाही. याच चुलालोंगकोर्नने १८७२ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला आणि तो मुंबईतही येऊन गेला. १८७३ मध्ये त्याने दरबारात राजापुढे लोटांगण घालण्याची प्रथा बंद केली. १८७४ पासून टप्प्याटप्प्याने पावले टाकत १९०५ च्या कायद्याने गुलामगिरी संपवली. याचे श्रेय अ‍ॅनाने पुढे स्वतःकडे ओढले. थाई इतिहासकार ते तिला देत नाहीत आणि त्यांचे बरोबर आहे. त्यामागे बापाची दूरदृष्टी होती, शेजारी इंग्रज-फ्रेंचांचा दबाव होता आणि स्वतः राजाची जिद्द होती. इंग्रजी वाचता येण्याने त्याला बाहेरचे जग थेट कळले, एवढा वाटा मात्र शिक्षिकेचा धरायला हरकत नाही.

सयाम सोडून अमेरिकेत गेल्यावर तिने न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडवर शाळा काढली आणि लेखणी धरली. ‘द इंग्लिश गव्हर्नेस अ‍ॅट द सायमीज कोर्ट’ (१८७०) आणि ‘द रोमान्स ऑफ द हॅरेम’ (१८७३) ही पुस्तके खपली. त्यांत जमिनीखालच्या अंधारकोठड्या आहेत, पळून गेलेल्या राणीला आणि भिक्षूला भर चौकात जाळल्याचे वर्णन आहे. बँकॉकची जमीन इतकी पाणथळ, की तिथे तळघर खणणेच अवघड, हा टीकाकारांचा आक्षेप बिनतोड आहे. अ‍ॅनाच्या दोन खोटेपणांत इथे फरक करावा लागतो. जन्माविषयीच्या थापेने कुणाचे नुकसान झाले असेल तर तिचे आणि तिच्या बहिणीचे. ज्याने तिला नोकरी दिली, मुलाला राजवाड्यात वावरू दिले, त्या मेलेल्या राजावर क्रौर्याचे आळ घेणे ही वेगळी गोष्ट आहे. पोट भरायचे होते हे कारण खरे असले, तरी तेवढ्याने ते माफ होत नाही. १८९७ मध्ये लंडनला ती आणि चुलालोंगकोर्न या गुरु-शिष्यांची भेट झाली. राजाने ऋण मानले असे एक हकीकत सांगते. माझ्या वडिलांबद्दल असे का लिहिलेत, असे त्याने दुखावून विचारले, असे दुसरी. दोन्ही खरे असणे अशक्य नाही.

एव्हिसने १८७८ मध्ये टॉमस फिश या बँकरशी लग्न केले आणि अ‍ॅना लेक-जावयाबरोबर कॅनडात हॅलिफॅक्सला राहायला गेली. तिथे तिने वाचनमंडळे चालवली, स्त्रियांच्या मताधिकारासाठी काम केले आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया स्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. आज ती संस्था कलेचे विद्यापीठ आहे आणि तिच्या कलादालनाला अ‍ॅनाचे नाव आहे. नातवंडांना घेऊन ती जर्मनीत राहिली आणि उतारवयात संस्कृत शिकू लागली. लुई १८८१ मध्ये सयामला परतला, राजाच्या घोडदळात कॅप्टन झाला, पुढे सागवानाच्या व्यापारात शिरला आणि त्याने स्वतःच्या नावाची कंपनी उभारली. मायलेकांची भेट पुढची कित्येक वर्षे झाली नाही. एव्हिस १९०२ मध्ये गेली. अ‍ॅना १९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रियलला वारली.

मुंबई-पुण्यावर तिने एक पुस्तक लिहिले आहे, ‘लाइफ अँड ट्रॅव्हल इन इंडिया’ (१८८४). रेल्वे येण्यापूर्वीच्या प्रवासाच्या आठवणी म्हणून ते सादर केलेले आहे आणि त्यात ती स्वतःच्याच प्रदेशात पाहुणी इंग्रज बाई म्हणून फिरते. मराठी मुलखाच्या अभ्यासकाने सयामवरच्या पुस्तकांपेक्षा हे आधी वाचावे. बाहेरच्या माणसाला सहज न दिसणाऱ्या गोष्टी तिला कुठे दिसतात आणि ते लपवायला ती काय करते, हे शोधण्याजोगे आहे.

सयाममध्ये राहिलेल्या मार्गारेट लँडन यांनी १९४४ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली ती अ‍ॅनाच्या नातीने दिलेल्या कागदपत्रांवर विसंबून. नातीलाही आजीचे वेल्सच ठाऊक होते. नाटक आणि चित्रपट त्या कादंबरीवरून निघाले. थायलंडमध्ये १९५६ चा चित्रपट बंद झाला आणि १९९९ चा ‘अ‍ॅना अँड द किंग’सुद्धा. बिंग फोडले ते डब्ल्यू. एस. ब्रिस्टो या कोळी या कीटकसदृश प्राण्यांच्या अभ्यासकाने. लुईचे चरित्र लिहिताना लंडनमध्ये त्याच्या जन्माची नोंद सापडेना, म्हणून त्यांनी माग काढला आणि १९७६ च्या पुस्तकात हिंदुस्थानातला जन्म उघड केला. सुझन मॉर्गन यांनी ‘बॉम्बे अ‍ॅना’ (२००८) आणि आल्फ्रेड हॅबेगर यांनी ‘मास्क्ड’ (२०१४) लिहून तो तपास पुढे नेला. मॉर्गन यांचा ओढा तिच्या धडाडीकडे आहे, हॅबेगर यांचा तिच्या थापांकडे. दोघांनाही आधार मिळाला तो मुंबई इलाख्याच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्यांचा, कंपनीचे कारकून ज्यांच्या प्रती नेमाने लंडनला धाडत असत.