हलके आणि मोकळे

‘खर्डा’ या शब्दाचे तीन अर्थ मला रोज भेटतात. पहिला आमचे गाव. जामखेड तालुक्यातल्या या गावाच्या परिसरात मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, आणि इतिहासाच्या पुस्तकात आम्हांला कायमची जागा मिळाली. दुसरा खर्डा हिरव्या मिरचीचा, भाकरीबरोबरचा. तिसरा लेखकाचा, म्हणजे खोडायचा, फाडायचा आणि पुन्हा लिहायचा कच्चा मजकूर. पहिल्याच्या रक्षणाला किल्ल्याची तटबंदी आहे. दुसऱ्याला त्याचा तिखटपणा पुरेसा आहे. तिसऱ्याचे रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न मात्र अलीकडे अवघड झाला आहे, कारण तो आता कागदावर राहत नाही, यंत्रात राहतो.

असे यंत्र घ्यायचे ठरवले म्हणजे लोक दोनच गोष्टी विचारतात. केवढ्याला, आणि वजन किती? वजनाचा प्रश्न शिक्षकाला गैर वाटण्याचे कारण नाही. एका खांद्यावर तपासायच्या वह्या आणि दुसऱ्यावर दोन किलोंचा लॅपटॉप घेऊन एस.टी.त उभ्याने प्रवास करणाऱ्याला सव्वा किलोचे यंत्र म्हणजे वरदानच. परंतु या दोन प्रश्नांखाली एक तिसरा प्रश्न दबून राहतो, आणि तो नीतीचा आहे. पैसे मोजून झाल्यावर ते यंत्र कोणाचे?

प्रश्न वेडगळ वाटेल. बोहारणीकडून घेतलेले पातेले माझे असते. मी त्याला कल्हई लावीन, ठिगळ देईन, नाही तर लेकीला देऊन टाकीन. लॅपटॉपचे तसे नाही. त्याचे शरीर मी विकत घेतो, पण त्याला चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टीम, ती बंद जातीची असेल तर तिच्या वापराची केवळ परवानगी मला मिळते, आणि त्या परवानगीच्या अटी देणारा ठरवतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुढची विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांना रीतसर स्वीकारत नाही. त्यांचा पडदा उजळतो, कळफलक चालतो, तरी ती निकालात निघाली. तलाठ्याच्या दप्तरी मयत लागलेला माणूस चावडीवर हिंडताना दिसावा, तशी त्यांची अवस्था आहे.

याहून जिव्हाळ्याचा अनुभव माझ्या एका कादंबरीचा. बऱ्याच वर्षांपूर्वी तिचा खर्डा मी त्या वेळी छापखान्यात चालणाऱ्या एका मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित करून घेतला होता. हे फॉन्ट आतून रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी वळणे चढवीत. तो विशिष्ट फॉन्ट आहे तोवर मराठी, तो गेला की उरते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. आज ती फाईल उघडली की माझ्या नायिकेच्या तोंडी एक मराठी शब्द नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्वतःचे क्रमांक मिळाले होते, पण आपल्याकडच्या टंकलेखनात ते रुळायला पुष्कळ काळ गेला. वाळवीने कागद खाल्ला तर भोके तरी दिसतात. इथे एकही अक्षर नाहीसे झालेले नाही आणि तरी मला माझेच लिखाण वाचता येत नाही. माझी भाषा माझी होती, कुलूप मात्र दुसऱ्याचे होते.

हा प्रश्न प्रथम ज्यांना बोचला त्यांत रिचर्ड स्टॉलमन हे अमेरिकन गृहस्थ ठळक आहेत. १९८०च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा छपाईयंत्र आला. कागद अडकला की सर्वांना कळावे अशी सोय त्यांनी जुन्या यंत्रात केली होती. नव्यात तीच करावी म्हणून त्यांनी त्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर मागितला. ज्याच्यापाशी तो होता त्या संशोधकाने नकार दिला, कारण कोणाला न दाखवण्याचे वचन त्याने दिले होते. वचन पाळणे हा सद्‌गुण खराच. पण शेजाऱ्याला मदत करणार नाही, असे वचन मुळात द्यावे का? या विचारातून १९८३ साली स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मोकळ्या प्रणालीची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने तिला जोडता येईल असा गाभा लिहिला, तो लिनक्स. ग्नूच्या परवान्याची अट साधी आहे. वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या.

ही कल्पना परदेशी आहे असे मात्र मला वाटत नाही. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरचे संस्कृतचे कुलूप काढले. पुढे तीनशे वर्षांत नकला होता होता ग्रंथात अपपाठ शिरले. पैठणच्या एकनाथांनी प्रती जुळवून शके १५०६ मध्ये तो शुद्ध केला, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. म्हणजे नक्कल सर्वांना मोकळी, पण जबाबदारी सुटलेली नाही. लिनक्समध्ये बदल करण्यालाही मुभा आहे हा फरक खरा, परंतु कोणता बदल कोणी केला याची नोंद तिथेही ठेवतात. मोकळे म्हणजे बेवारशी नव्हे, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

कोणी म्हणेल, “गुरुजी, तुम्हांला त्या आज्ञावलीतली एक ओळ तरी वाचता येते का? मग हक्क घेऊन काय करणार?” आक्षेप योग्य आहे. मला वाचता येत नाही. पण ज्याला वाचता येते त्याला कोणी अडवलेले नाही, एवढ्यानेच माझी स्थिती बदलते. आमच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, वाटले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावरान वाणाचे बी राखून ते पुढच्या वर्षी पेरता येते. संकरित वाणाच्या घरच्या बियाला आईबापांचा गुण तसाच उतरत नाही, म्हणून दर हंगामाला दुकान गाठावे लागते. बियाण्यातले शास्त्र सगळ्या शेतकऱ्यांना कळत नाही, पण घरात बी असण्याचा आणि नसण्याचा फरक सगळ्यांना कळतो.

इथवर सारे सोपे होते. अवघड झाले ते जामखेडच्या दुरुस्तीच्या दुकानात. दुकानदार मुलगा म्हणाला, “सर, अगदी हलका घ्यायचा तर घ्या, पण मग आत हात घालायला जागा नाही. बॅटरी आत चिकटवलेली, रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली. चार वर्षांनी ती कमी पडली तर मी काही करू शकणार नाही.” मग त्याने मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेला एक साडेबारा इंची थिंकपॅड पुढे ठेवला. वजन दीड किलोच्या आसपास. खटका सरकवला की बॅटरी हातात येते आणि मागचे स्क्रू काढले की रॅम बदलता येते.

म्हणजे दोन मोकळेपणांत तंटा लागला. खांद्याचा मोकळेपणा हवा असेल तर यंत्राचे अंग बंद होते. अंग उघडे हवे असेल तर खांद्यावर पाव किलो चढते. आत्मा मोकळा आणि देह कुलूपबंद, असले यंत्र घेण्यात अर्थ किती? आम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहिले. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे पाहावे. विकत घेण्यापूर्वी ही परीक्षा प्रत्येकाने करावी, तिला पैसा पडत नाही.

तरीही पूर्ण सोवळे कोणाला जमत नाही. वाय-फायच्या कित्येक चिपांना त्यांच्या कंपनीची बंद आज्ञावली लागतेच. डेबियन हा लिनक्सचा तत्त्वाला घट्ट धरणारा पंथ, पण त्यांनीही २०२२ साली मतदान घेऊन अशा आज्ञावली स्थापनेच्या प्रतीत घालू द्यायचे ठरवले, आणि २०२३च्या आवृत्तीत त्या आल्या. मला हा निर्णय पराभव वाटत नाही. तडजोड त्यांनी चोरून केली नाही, सांगून केली. म्हणून कार्यालयीन कामासाठी ज्याला विंडोजच लागते त्याला हिणवण्याचा अधिकार आपल्याला नाही. संध्याकाळपर्यंत माहिती भरून पाठवायची आहे, त्या कारकुनाला स्वातंत्र्याचे व्याख्यान देणे हा उद्धटपणा होईल. आपण कुठे वाकलो हे आपल्याला ठाऊक असावे, इतकेच मागणे रास्त आहे.

मी दीड किलोचे यंत्र घेतले. वर्गातल्या एका मुलीने विचारले, “सर, हे उघडून आत बघता येतं का?” शनिवारी दुपारी स्क्रू काढून आम्ही पाहिले. पंधरा-वीस मुले वाकून बघत होती. ही रॅम, हा पंखा, ही डिस्क. त्यांतल्या एखाद्याला उद्या आज्ञावलीही वाचाविशी वाटली, तर तीही उघडी आहे. मुलांना आपण नेहमी सांगतो, विचारा, शोधा, मुळाशी जा. मग त्यांच्या हाती वस्तू देताना जिच्या मुळाशी जाण्याला मनाई आहे अशीच का द्यावी? परवडेल तिथे आणि जमेल तेवढी उघडणारी वस्तू घरात आणावी. पाव किलो जास्त भरेल, पण ते ओझे आपण समजून उचललेले असेल.